कोल्हापूर किती मिलिमीटरचं?

महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर थांबली, तेव्हा माझ्या पाठीवरच्या पिशवीत दोन कंपन्यांचे दोन कॅमेरे होते आणि दोन्ही माझे नव्हते. निकॉन मेहुण्याचा, कॅनन भाड्याचा. सोबत लेन्सांची खिचडी: दोन्हींबरोबर येणाऱ्या १८-५५, निकॉनची ३५, कॅननची ५० आणि निकॉनचीच एक लांबलचक ७०-३००. सहा महिने डीएसएलआर घ्यायचा घोळ चालला होता. ज्या दुकानात जावं तिथे पहिला प्रश्न ठरलेला, बजेट किती? काढणार काय, हे एकानेही विचारलं नाही. शेवटी ठरवलं, एका गावात चार दिवस राहायचं, सगळ्या लेन्स तिथे वापरायच्या आणि मग जे काय ते ठरवायचं.

गाव कोल्हापूरच का, तर नोव्हेंबरात तिथे अंबाबाईचा किरणोत्सव असतो आणि तिथे एक मित्र राहतो. वीस वर्षं लग्नाच्या ऑर्डरी करून त्याची मान कायमची डावीकडे कललेली आहे. स्टेशनवर त्याने माझी पिशवी उचलून बघितली आणि परत माझ्याच खांद्यावर अडकवली.

“एवढं सगळं घिऊन फिरणार? भावा, आमी अख्खं लगीन दोन लेन्सांत उरकतोय.”

त्याने गाडी आधी खरी कॉर्नरला घेतली. तिथे कॅमेरा मानस्तंभ आहे. चौकाचौकांत पुतळे सगळीकडेच असतात, पण कॅमेऱ्याचं स्मारक उभारून वर्षातून एकदा त्याला हार घालणारं गाव दुसरं माझ्या पाहण्यात नाही. आजूबाजूने रिक्षा, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटरसायकली आणि शाळेची पोरं जात असतात. वर मान करून कुणी बघत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे.

हा मान आहे बाबूराव पेंटरांचा. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९०. घराणं कारागिरांचं, त्यामुळे लाकूड, लोखंड आणि रंग तिन्ही हाताखालून गेलेलं. ते आणि त्यांचे चुलत बंधू आनंदराव मिळून नाटकांचे पडदे रंगवत. सिनेमाचं वेड लागलं तेव्हा दोघांनी आधी प्रोजेक्टर मिळवून चित्रपट दाखवायचा धंदा केला आणि फावल्या वेळात चलच्चित्रणाचा कॅमेरा बनवायच्या खटपटीला लागले. विलायती कॅमेरा मागवणं परवडणारं नव्हतं. १९१६ साली आनंदराव गेले आणि काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८ मध्ये तो कॅमेरा पुरा केला. तोवर गायिका तानीबाई कागलकरांच्या पैशाच्या आधारावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली होती. घरच्या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ झाला, १९२० मध्ये पुण्यात लागला आणि लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. पुढे याच कंपनीतून दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर बाहेर पडले आणि १९२९ मध्ये कोल्हापुरातच ‘प्रभात’ सुरू झाली. ती पुण्याला गेली १९३३ मध्ये. मधल्या काळातला ‘अयोध्येचा राजा’ कोल्हापुरातच झाला आणि त्याचा कॅमेरा केशवराव धायबरांच्या हातात होता.

त्या स्तंभाखाली उभं राहून मी दोन कॅमेऱ्यांत कुठला घ्यावा याची चिंता करत होतो. थोडी लाज वाटली. मग भूक लागली.

मिसळ खाताना एक शोध लागला: कट फार लांबवर उडतो. मित्राने लेन्सच्या तोंडावर साधा काचेचा फिल्टर लावायला सांगितलं होतं, त्याचं कारण मला वाटलं धूळ. तांबडा थेंब त्या फिल्टरवर पडला, रुमालाने पुसला, तेलकट डाग आणखी पसरला. दोन-चारशे रुपयांची काच होती. बारा-पंधरा हजारांच्या लेन्सच्या काचेवर हाच रुमाल फिरला असता, तर चव गेली असती.

पाव संपेपर्यंत मित्राने सिस्टिमचा धडा दिला. कॅमेरा विकत घेणारा माणूस बॉडी बघतो आणि चूक तिथेच होते. बॉडी चार-सहा वर्षांत जुनी होते, लेन्स वीस वर्षं चालते. आणि लेन्स चालते ती तिच्या माउंटवर, म्हणजे बॉडीला ती ज्या कड्यात फिरून बसते त्या कड्यावर. निकॉनचं एफ माउंट १९५९ पासूनचं. कॅननने १९८७ मध्ये जुनं कडं टाकून नवं ईएफ आणलं आणि जुन्या लेन्सवाल्यांचे शाप घेतले, पण त्या बदल्यात फोकसची मोटर प्रत्येक लेन्सच्या पोटात घातली. निकॉनने जुनं कडं सांभाळलं. त्याची किंमत अशी की निकॉनच्या स्वस्त बॉडीत, म्हणजे ३००० आणि ५००० मालिकेत, फोकसची मोटर नसते. बाजारात जुनी ५० मिलिमीटर ‘डी’ लेन्स स्वस्त मिळाली म्हणून उचलावी, तर या बॉडीवर ती आपोआप फोकसच करत नाही. हाताने रिंग फिरवत बसावं लागतं. लग्नात अंतरपाट सरकतो तेव्हा रिंग फिरवायला वेळ नसतो.

आणखी गंमत म्हणजे दोन्ही कंपन्यांच्या लेन्स उलटसुलट दिशेने फिरून बसतात. चार दिवस दोन कॅमेरे घेऊन फिरणाऱ्या माझ्या बोटांचं काय झालं असेल, याची कल्पना करावी.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तालीम. कोल्हापुरात गंगावेश, मोतीबाग अशी मोठी नावं आहेत, शिवाय पेठेपेठेत लहान तालमी आहेत. आम्ही गेलो ती जुनी, जाड भिंतींची, वर एक झरोका आणि दोन ट्यूबलाइट. चपला बाहेर काढल्या, वस्तादांना नमस्कार केला. फोटो काढू का म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, “काढा की. हौद्यात पाय घालू नका म्हंजे झालं.” हौद्यातली लाल माती ताक, लिंबू, हळद, तेल घालून मळलेली असते. तिचा वास ओल्या भाकरीसारखा येतो. दहा-बारा पोरं जोर मारत होती, दोन जोड्या लागलेल्या होत्या.

इथे १८-५५ ची परीक्षा झाली आणि ती नापास झाली. झूम पुढे ओढली की या लेन्सचं छिद्र एफ ५.६ पेक्षा मोठं उघडत नाही. अंधाऱ्या हौद्यात ३२०० आयएसओ ठेवूनही शटरचा वेग सेकंदाच्या पंचविसाव्या भागावर आला. ढाक टाकणारा पैलवान एवढ्या वेळात जागचा हललेला असतो. फोटोत तांबडा धूर आणि त्यात एक कान. मग ३५ मिलिमीटर लावली, एफ १.८. आकडा लहान, छिद्र मोठं: ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग, जवळजवळ दहापट उजेड. तेवढ्याच आयएसओला वेग अडीचशेवर गेला. मातीचे कण हवेत थांबले, मानेवरची शीर दिसली, शड्डू ठोकणारा तळवा मांडीला टेकलेला मिळाला.

झूम नाही म्हणून अडलं नाही. हौद्याच्या कठड्याला रेलून उभं राहायला मिळालं, पैलवान चार-पाच हातांवर होते. मला वाटतं रोजच्या लेन्सची निवड खरी इथे होते. गाव आपल्याला किती जवळ उभं राहू देतं, हे आधी बघावं. कोल्हापूर फार जवळ उभं राहू देतं. कधीकधी इतकं जवळ, की मागे सरकायला जागा उरत नाही.

५० मिलिमीटरचं तेच झालं. ही लेन्स सगळे जण पहिली घ्या म्हणून सांगतात. स्वस्त, हलकी, एफ १.८. सल्ला फिल्मच्या जमान्यात बरोबर होता. ऑस्कर बार्नाकने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी वापरून २४ गुणिले ३६ मिलिमीटरची चौकट ठरवली. त्या चौकटीवर आधारलेला लायका १९२५ मध्ये बाजारात आला, आणि त्या मापाला ५० ची लेन्स नजरेच्या जवळची वाटते. पण परवडणाऱ्या डीएसएलआरचा सेन्सर त्या चौकटीपेक्षा लहान असतो. निकॉनमध्ये दीडपट, कॅननमध्ये १.६ पट कातरून येतं. म्हणजे कॅननवर ५० ची लेन्स ८० सारखी वागते. चेहऱ्याला उत्तम, तालमीत मात्र पैलवानाचं डोकं आलं तर पाय जातात. ३५ ची लेन्स निकॉनवर साधारण ५२ होते. आजोबांच्या काळातली पन्नास हवी असेल, तर नातवाने पस्तीस घ्यावी.

दुपारी पन्हाळा. गाडीने पाऊण तास, त्यात मित्राचे दोन फोन. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात हा आहे. गडाबद्दल लिहायला इथे जागा नाही. लेन्सपुरतं एवढंच की अंबरखान्याच्या कोठारांसमोर उभं राहिल्यावर १८-५५ ने पहाटेची लाज भरून काढली. १८ वर ठेवली, छिद्र एफ ८ वर बारीक केलं, भरपूर ऊन होतं. अशा वेळी ही बदनाम लेन्स महागड्यांच्या मांडीला मांडी लावून बसते. फोटो दाखवला तर कुणाला ओळखू येणार नाही. कॅमेऱ्याबरोबर फुकटात आली म्हणून तिला नावं ठेवणारे लोक बहुधा सकाळी दहाच्या उन्हात बाहेर पडत नसावेत.

संध्याकाळी गंगावेशीचा दूधकट्टा. म्हशी रस्त्याकडेला उभ्या, समोर धार काढायची, फेसाळ पेला हातात द्यायचा. पेला तोंडाला लावून उभे असलेले बापलेक, तालमीतून आलेले दोन पैलवान, स्कूटर चालू ठेवून थांबलेल्या एक बाई. इथे पुन्हा ३५. मात्र नवीन भूत निघालं: फोटोत आडवे काळे पट्टे. मित्र हसला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण शटर वेगवान ठेवलं की सेन्सरला कळतं. सेकंदाचा शंभरावा किंवा पन्नासावा भाग ठेवला की पट्टे जातात. ठेवला. धारेचा फोटो थोडा हलला आणि त्यामुळेच ती धार वाटली.

तिसरा दिवस रविवार, म्हणजे जोतिबाचा. चैत्रातल्या यात्रेत सासनकाठ्यांनी डोंगर भरतो, पण गुलाल तिथे दर रविवारी असतो. काळ्या दगडाच्या शिखरांवर, पायऱ्यांवर, नारळवाल्याच्या भुवयांवर, सगळीकडे गुलाबी. मी देवळाच्या चौकात उभा राहून, उघड्यावर, वाऱ्यात, लेन्स बदलली. हे वाक्य पुन्हा वाचलं तरी अंगावर काटा येतो. तीस सेकंद बॉडीचं तोंड उघडं होतं. कॅमेरा मेहुण्याचा.

रात्री मित्राने छिद्र एफ २२ वर आणून पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढला. डाव्या कोपऱ्यात सात डाग. मोठ्या छिद्राला सेन्सरवरची धूळ दिसत नाही, बारीक छिद्राला प्रत्येक कणाची सावली पडते. रबरी फुग्याने हवा मारून पाच गेले, दोन राहिले. तोंडाने फुंकू नकोस, थुंकी उडते, एवढं त्याने तीनदा बजावलं. त्याचा स्वतःचा नियम असा की जोतिबाला एकच लेन्स लावून जायची, आल्याशिवाय काढायची नाही. तो तिथे १८-१४० लावतो. दर्जात थोडी हार, पण कडं बंद राहतं. रोजची लेन्स एकच हवी असणाऱ्याला आणि धुळीच्या गावात राहणाऱ्याला हे उत्तर काही वाईट नाही.

याच रात्री त्याने मला माझी जुनी जखम उघडायला लावली. मागच्या वर्षी एका दुकानातून मी वापरलेली लेन्स घेतली होती. महिन्याभरात फोटो दुधाळ यायला लागले. मोबाइलचा टॉर्च मागून लावून लेन्समधून बघितलं असतं, तर काचेवरचं कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं तिथेच दिसलं असतं. बुरशी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात चार महिने कपाटातलं चामडंही हिरवं पडतं, लेन्सचं काय घेऊन बसलात. मित्राकडे हवाबंद झाकणाचे दोन मोठे प्लास्टिकचे डबे आहेत, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा. चामड्याच्या देखण्या पिशवीत लेन्स ठेवणं सर्वांत वाईट, ती ओल धरते.

सकाळी रंकाळा. शालिनी पॅलेसवर ऊन आलं. ७०-३०० पिशवीबाहेर आली ती इथेच, चार दिवसांत पहिल्यांदा. दीडपट धरली तर ३०० चे ४५० होतात, म्हणून खांबावरचा खंड्या चौकटीत बऱ्यापैकी मोठा आला. पाणकावळा पंख पसरून वाळत होता. लांब लेन्सला हात थोडा थरथरला तरी चालत नाही. जितके मिलिमीटर तितका शटरचा वेग, आणि सेन्सर लहान म्हणून त्याच्या दीडपट, हा जुना हिशेब. लेन्समधलं कंपन रोखणारं यंत्र हाताला थोडी सूट देतं, पण उडणाऱ्या पाखराला ते थांबवू शकत नाही. दाजीपूरच्या जंगलात गव्यासमोर हीच लेन्स लागली असती. तिथे जवळ जायची सोय नाही आणि इच्छाही नाही. पण आम्ही दाजीपूरला गेलो नाही, आणि जे लोक लांब लेन्स घेतात त्यांच्यातले बहुतेक जातच नाहीत.

राहिला किरणोत्सव. ९, १०, ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडतात, पितळी उंबऱ्यावर येतात आणि गाभाऱ्यात पोहोचतात. पहिल्या दिवशी देवीचे पाय, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी चेहरा, असा क्रम. ढग आले, हवेत धूळ किंवा बाष्प वाढलं, वाटेत एखादी इमारत उंच झाली, की किरण मध्येच अडतं. म्हणून अभ्यासक दरवर्षी उजेडाची तीव्रता लक्समध्ये मोजतात. हे ऐकल्यावर फोटो काढणाऱ्या माणसाचा हात शिवशिवतो. पण आत कॅमेरा चालत नाही. दोन्ही बॉड्या आणि पाचही लेन्स लॉजवर कुलपात ठेवल्या आणि रिकाम्या हाताने रांगेत उभे राहिलो. पावणेसहाच्या सुमारास दिवे मालवले. काळ्या दगडांच्या मधून एक तांबूस पट्टा सरकत गेला, मिनिटागणिक रंग बदलत. शेजारच्या आजी बोटं मोडत पुटपुटत होत्या, “आली, कमरंपतूर आली.”

चेहऱ्यापर्यंत त्या संध्याकाळी गेली की नाही, यावर बाहेर आल्यावर मित्राचं आणि माझं जमलं नाही.

निघायच्या रात्री लॅपटॉपवर चार दिवसांचे फोटो लावून त्यांतले मिलिमीटर मोजले. हे काम कुणालाही करता येतं, प्रत्येक फोटोच्या पोटात ती नोंद असते. अर्ध्याहून जास्त ३५ वर होते. १८-५५ चे जवळजवळ सगळे १८ किंवा २४ च्या आसपास, ५५ वर फारच थोडे. ५० चे मोजके चेहरे. ७०-३०० ची फक्त एक सकाळ. ज्या लेन्ससाठी मी सहा महिने पैसे साठवत होतो ती हीच शेवटची.

कंपनीचा प्रश्न उरला होता. २०२० नंतर कॅनन आणि निकॉन दोघांनीही नवा डीएसएलआर आणलेला नाही. दोघांचा जीव आता आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत आहे. पेंटॅक्स तेवढा हट्टाने आरसा सांभाळून आहे. मग आज डीएसएलआर घेणारा वेडा का? माझ्या मते नाही. वापरलेल्या बॉड्या उतरलेल्या भावात मिळतात. काचेतून दिसणारं दृश्य थेट असतं. निकॉन डी ३५०० सारखी साधी बॉडी कंपनीच्या मोजणीनुसार एका चार्जिंगवर १५५० फोटो काढते. पुढे आरसा सोडायचा झालाच, तर कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून नव्या बॉडीवर नीट चालतात. निकॉनच्याही चालतात, फक्त त्या जुन्या ‘डी’ वाल्या तिथेही आपोआप फोकस करत नाहीत.

“मग कुठला?” मी मित्राला विचारलं.

“ज्याची लेन्स उसनी मिळंल त्यो.”

मेहुण्याकडे निकॉनच्या तीन लेन्स आहेत आणि आता दोन डाग पडलेली एक बॉडीही. ती मी त्याच्याकडून विकत घेतली, डाग कसे पडले ते सांगून. जोडीला ३५ एफ १.८. ७०-३०० त्याच्याच कपाटात राहील, दाजीपूरचा बेत ठरला तर मागून आणीन.

वर्षातला दुसरा किरणोत्सव ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला असतो. तालीम, दूधकट्टा आणि रंकाळ्यासाठी कॅमेरा जरूर न्या. देवळात जाताना तो लॉजवर ठेवा आणि साडेचारलाच रांगेत लागा.